मुरुडच्या पिनकोडात काय काय दडलंय!

मुरुड लातूर जिल्ह्यात आहे, रायगडात जंजिऱ्याशेजारी आहे आणि दापोलीजवळ समुद्रकाठी महर्षी कर्व्यांचंही मुरुडच. अशा सारख्या नावांच्या गावांची पत्रं भलतीकडे जाऊ नयेत म्हणून 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी, आणि संस्कृतात कविता, नाटकं लिहिणारे. आज लातूरच्या मुरुडचा पिनकोड आहे 413510. यातला 4 म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, आणि शेवटचा 510 खुद्द पोस्टाचा. पोस्टमनला एवढं पुरतं. मला मात्र हा आकडा सोडवत नाही.

शेवटचं शून्य काढा. उरले 41351. याला 3 ने, 7 ने, 11 ने भाग जात नाही. 203 चा वर्ग 41209 आणि 204 चा 41616, म्हणून 199 पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. त्या 46 आहेत आणि एकीनेही भाग जात नाही! म्हणजे 41351 ही स्वतःच मूळ संख्या.

आता देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवा. 1949 साली त्यांना सापडलं की चार अंकी संख्येचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं, तर शेवटी 6174 येतेच. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. 1972 करून बघा, बरोबर सात लागतात.

हीच रीत मुरुडला लावू. 543110 वजा 011345, आले 531765. पुन्हा 765531 वजा 135567, आले 629964. उत्तराला दर वेळी 9 ने भाग जातो, कारण एकं स्थानाचा अंक दहं स्थानी गेला की त्याची किंमत त्या अंकाच्या नऊपटीने वाढते, शतं स्थानी गेला तर नव्व्याण्णवपटीने.

मग जंजिऱ्याच्या मुरुडचा 402401 घेतला: 440856, 820872, 864432 आणि चौथ्या वजाबाकीला पुन्हा 629964! टपाल खात्याने वेगळी केलेली दोन मुरुडं इथे एकाच आकड्यावर येतात. हा योगायोगच, पण काय सुरेख!

इथून पुढे वाट एकच. 749943, 652644, मग 420876, 851742, 750843, 840852, 860832, 862632, 642654 आणि परत 420876. सात आकड्यांचं रिंगण, त्यातून सुटका नाही. सगळे अंक सारखे नसले, तर सहा अंकी संख्यांना या रिंगणाखेरीज थांबायला दोनच जागा आहेत, 549945 आणि 631764. तुमच्या गावाचा पिनकोडही या तिन्हींपैकी एकीकडेच जातो. कुठे ते कागद-पेन्सिल घेऊन बघा.