धक्का खातो कोण?

आमच्या घरी मोटार आली तेव्हा पेट्रोल कोठून ओतायचे, एवढेच तिच्याविषयीचे माझे ज्ञान होते. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी केलीही नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी आंबा घाटाने माझी शिकवणी घेतली.

कोल्हापूरहून रत्नागिरीस निघालो होतो. शेजारी सौभाग्यवती, मागे आई आणि मुलगी. घाट उतरताना एका वळणावर रस्त्याला लागोपाठ तीन उंचवटे आले. पहिल्यावर मोटार उडाली, खाली बसण्यापूर्वीच दुसऱ्यावर पुन्हा उडाली आणि तिसऱ्यावर तिची मागची बाजू सरळ दरीकडे सरकू लागली. कठडा हातभर राहिला असताना चाकांनी रस्ता धरला. साखरप्यात चहा घेताना आई एवढेच म्हणाली, ‘‘जरा हळू चालव रे.’’ मी हळूच चालवीत होतो, हे सांगण्याचे त्राण माझ्यात नव्हते.

परत आल्यावर आमच्या मेस्त्रींनी मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबून सोडला. मोटार चार वेळा खालीवर झाली. ‘‘सर, शॉकअप गेल्यात की तुमच्या,’’ ते म्हणाले.

शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, धक्का शोषणारा. भाषेच्या माणसाने येथे थांबायलाच हवे, कारण हे नावच चुकले आहे. धक्का खाते ती बिचारी स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि मग पाळण्यासारखी झुलत राहते. तो झोका मोडणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत दट्ट्या तेलातून खालीवर होतो, तेल बारीक छिद्रांतून जबरीने पलीकडे जाते, आणि झोक्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. इंग्रज लोक याला डॅम्पर म्हणतात, ते नाव खरे. झोका मोडला नाही तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. आणि न टेकलेले चाक वळतही नाही, थांबतही नाही.

नवे शॉकअप घ्यायचे ठरले आणि पुण्याचा भाचा मध्ये पडला. हा गृहस्थ हौसेने कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आपली मोटार पळवून येतो. ‘‘मामा, साधे कशाला? मोनोट्यूब टाका!’’

साधे म्हणजे दुहेरी नळीचे, नळीच्या आत नळी असलेले. बहुतेक घरगुती मोटारींना हेच असतात. स्वस्त, स्वभावाने मऊ. बाहेरच्या नळीला लहानसा पोचा आला तरी आतले काम चालू राहते. पण जोराने पळवीत राहिले की तेल तापते, वरच्या हवेशी घुसळून रवीखालच्या ताकासारखा त्याला फेस येतो, आणि फेसाला छिद्रातून निसटायला कष्ट पडत नाहीत. ऐन वळणात शॉकअप ढिला पडतो. हवेच्या जागी कमी दाबाचा नायट्रोजन भरला, तर हा दोष बराच कमी होतो.

मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरता दट्ट्या असतो, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने लवकर निवते. फ्रेंच अभियंता द कार्बों याच्या कल्पनेवरून बिलस्टाइनने असे शॉकअप 1957 साली मर्सिडीझसाठी मोठ्या प्रमाणावर काढले. पण किंमत जास्त, खड्ड्यात जरा राठ, आणि एखाद्या दगडाने नळीला पोचा आणला की दट्ट्या अडकलाच.

‘‘म्हणजे शर्यतीला एकच नळी?’’ मी विचारले. तर तसेही नाही. स्वीडनच्या ओहलिन्सचे शर्यतीतले नावाजलेले टीटीएक्स दोन नळ्यांचेच आहेत. नळ्या मोजून भागत नाही. आतल्या झडपा कशा आहेत ते पाहावे लागते.

त्याहून वरचा प्रकार म्हणजे बाहेरून फिरवून कमीजास्त करता येणारे. त्यांत ‘हळू’ आणि ‘जलद’ अशा निरनिराळ्या कळा असतात. मी समजलो, हळू कळ शहरासाठी आणि जलद कळ हमरस्त्यासाठी! भाचा पोट धरधरून हसला. तो वेग मोटारीचा नव्हे, दट्ट्याचा. वळणात मोटार कलते तेव्हा दट्ट्या सावकाश सरकतो, खड्ड्यात ताडकन. 2002 साली तर कॅडिलॅकने तेलात लोखंडाचे कण मिसळून चुंबकाने क्षणोक्षणी त्याचा दाटपणा बदलणारे शॉकअप आणले. आपल्या खिशासाठी तो विषय एवढाच पुरे.

मला पटली ती भाच्यावरच गुदरलेली गोष्ट. पहिल्या खेपेस त्याने सगळे शॉकअप होते तेवढे कडक केले. कडक म्हणजे वेगवान, ही तरुणांची लाडकी समजूत. मोटार प्रत्येक उंचवट्यावर टणाटण उडू लागली. चार टिचक्या सैल केल्यावर चाके रस्त्याला बसली आणि मगच वेग वाढवता आला. अतिकडक शॉकअपने त्याचे जे झाले, तेच माझे मेलेल्या शॉकअपने घाटात झाले होते.

मी अखेर दुहेरी नळीचे, नायट्रोजन भरलेले घेतले. मूळच्या स्प्रिंगांना जुळणारे, आणि मागची जोडी एकदमच बदलली. भाचा दोन दिवस रुसला होता.

गेल्या मे महिन्यात पुन्हा त्याच घाटाने उतरलो. त्या वळणावर प्रत्येक उंचवट्याला मोटार एकदा दबली, वर आली आणि गप्प बसली. सौभाग्यवतींनी दाराची मूठ मात्र घट्ट धरून ठेवली होती. आईला साखरप्यात चहासाठी जागे करावे लागले.