शोधा म्हणजे नावासकट सापडेल!

माहीत आहे का? पायथॉन ही जगभर गाजणारी कम्प्युटर भाषा 'शनिवार पेठ' वाचताना चक्क अडखळते!

आधी पात्राची ओळख. रेग्युलर एक्स्प्रेशन, लाडाने रेजेक्स. मजकुराच्या ढिगातून हवं तेवढंच टिपणारा साचा. हा साचा बघा:

(सोम|मंगळ|बुध|गुरु|शुक्र|शनि|रवि)वार पेठ

एका ओळीत पुण्याच्या सात पेठा खिशात! सदाशिव आणि नारायण मात्र निसटतात. त्यांची नावं वारांची नाहीत, माणसांची.

साच्यातला कंस (मामा नव्हे!) सापडलेला तुकडा धरून ठेवतो. पूर्वी कंसांना नुसते नंबर असायचे: पहिला, दुसरा, तिसरा. मध्ये एक कंस घुसवला की पुढचे सगळे नंबर सरकले, आणि पिनकोडच्या जागी पेठ हजर! उपाय? कंसाचं बारसं. 'वार' नाव ठेवा, 'वार' म्हणून हाक मारा, 'शनि' हातात. रेजेक्समधली माझी सगळ्यात आवडती सोय हीच.

या नामवंत कंसांची चाल पायथॉनने १९९०च्या दशकात आणली. तिथल्या रेजेक्स लायब्ररीचं नाव 'री'. मग इतरांनी री ओढली: पर्लने २००७मध्ये, जावास्क्रिप्टने थेट २०१८मध्ये!

आता ते अडखळणं. अक्षरं टिपायची खूण म्हणजे बॅकस्लॅश डब्ल्यू. पुढे अधिकचं चिन्ह जोडा, 'री'ला 'शनिवार पेठ' दाखवा. मिळतं काय? शन, व, र, प, ठ. पाच तुकडे! काना, मात्रा, वेलांटी या खुणेत बसतच नाहीत.

त्याहून भन्नाट: हीच 'री' कंसाचं नाव म्हणून 'पेठ' आनंदाने स्वीकारते. मात्रेसकट! म्हणजे नाव ठेवायला चालतं, वाचायला नाही. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनो, 'रेजेक्स' याच नावाची वेगळी लायब्ररी टाकून घ्या. ती अख्खा शब्द उचलते.

आकड्यांत मात्र पायथॉन पक्का मराठी! पेठेचा पिनकोड ४११०३० देवनागरीत लिहा, आकडे टिपणारा बॅकस्लॅश डी बरोबर ओळखतो. जावास्क्रिप्टचा डी ढिम्म.

माहीत आहे का, रेजेक्सचं मूळ मेंदूच्या अभ्यासात आहे? १९५१मध्ये गणिती स्टीफन क्लीनी मज्जापेशींच्या जाळ्याचं गणित मांडत होते. साच्यातल्या चांदणीला आजही 'क्लीनी स्टार' म्हणतात.

'ग्रेप' ऐकलंय? नाशिकची द्राक्षं नव्हेत, केन थॉम्प्सन यांचं युनिक्सवरचं शोधयंत्र. तेही रेजेक्सवरच चालतं.

आणि शनिवार पेठेचं जुनं नाव? मुर्तजाबाद! जुनी कागदपत्रं धुंडाळताय? 'पेठ' नावाच्या कंसात अख्खं 'शनिवार पेठ' घाला, 'किंवा'ची उभी रेघ मारा, मुर्तजाबादही त्याच कंसात बसवा. हाक एकच: 'पेठ'.