पिंपरीची दोन औषधे, पेशीची दोन मर्मस्थाने
पेशीतले रसायन : लेखांक सहावा

मागच्या लेखात आपण मेदाम्लांची ओळख करून घेतली. ऐन थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते, पण शेंगदाण्याचे तेल पातळच राहते. याचे कारण साखळीतल्या दुहेरी बंधांमध्ये आहे, हे पाहिले. आज याच मेदापासून पेशीभोवतीचे पटल कसे बनते, त्यात प्रथिने कशी बसतात आणि त्यांतली काही विकरे (एन्झाइम) म्हणून काय काम करतात, ते पाहू.

उदाहरणासाठी लांब जायला नको. पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्यालगत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. इथले लोक त्याला ‘एच. ए. कंपनी’ म्हणतात. सरकारने १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ही कंपनी उभी केली आणि १९५५ मध्ये इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे याच कंपनीच्या संशोधन विभागाने हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. पेनिसिलिन पटलात रोवलेल्या विकराला पकडते, तर हॅमायसिन थेट पटलातल्या मेदाला.

आधी पटल समजून घेऊ. ते मुख्यतः फॉस्फोलिपिडांचे असते. या रेणूचे फॉस्फेट असलेले डोके पाण्यात रमते आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपसूक दोन थरांत मांडले जातात : डोकी बाहेर, शेपट्या आत. या दुहेरी थराची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींमधला मेद पाण्यावर पसरून थर दुहेरी असल्याचे सुचवले. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये पटलाचे प्रवाही चित्र मांडले. मेदाचे रेणू थरातल्या थरात सतत सरकत असतात आणि प्रथिने त्यात रोवलेली असतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ते पटलात टिकते ते या अमिनो आम्लांमुळेच. साखळीचा जो तुकडा पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा असतो, तो मळसूत्रासारखा वळून शेपट्यांच्या थरात बसतो. उरलेला भाग पाण्यात राहून काम करतो. पेनिसिलिन ज्यांना पकडते ती जिवाणूंची विकरे अशीच असतात. त्यांचे एक टोक पटलात रोवलेले असते आणि काम करणारा भाग पटलाबाहेर असतो.

त्यांचे काम जवळून पाहू. जिवाणूच्या पटलाबाहेर एक मजबूत भित्तिका असते. ती शर्करेच्या लांब साखळ्यांची बनते आणि त्या साखळ्यांना अमिनो आम्लांच्या आखूड शाखा असतात. नव्या शाखेच्या टोकाला ॲलॅनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू असतात. विकर शेवटचे ॲलॅनिन तोडते, उरलेली शाखा क्षणभर स्वतःच्या साखळीतल्या सेरीन या अमिनो आम्लावर धरते आणि मग शेजारच्या शाखेला जोडून मोकळे होते. अशा असंख्य जोडण्यांतून भित्तिका घट्ट विणली जाते.

पेनिसिलिनचा आकार त्या दोन ॲलॅनिनच्या जोडीशी मिळताजुळता असतो. विकर त्याला शाखा समजून धरते. पेनिसिलिनमधले चार अणूंचे ताणलेले कडे उघडते आणि रेणू सेरीनला चिकटून बसतो. आता विकर सहजी मोकळे होत नाही. भित्तिका विणणे थांबते आणि वाढणारा जिवाणू आतल्या दाबाने फुटतो. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नाही. त्यामुळे ॲलर्जी नसलेल्या माणसाला पेनिसिलिनचा धोका फार कमी.

हॅमायसिनची कथा वेगळी आहे. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळवले. त्या जिवाणूचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यात पिंपरी कायमची नोंदली गेली आहे. इथे निसर्गाची एक सुरेख जोडी दिसते. पेनिसिलिन बुरशी बनवते आणि ते जिवाणूंना मारते. हॅमायसिन जिवाणू बनवतो आणि ते बुरशीला मारते. बनवणारा स्वतः वाचतो, कारण औषधाचे लक्ष्य त्याच्याकडे नसते. बुरशीची भित्तिका वेगळ्याच द्रव्यांची असते आणि स्ट्रेप्टोमायसिसच्या पटलात बुरशीसारखे स्टेरॉल नसते.

स्टेरॉल हा पटलातलाच एक मेद आणि तोच हॅमायसिनचे लक्ष्य. आपल्या पटलात फॉस्फोलिपिडांच्या मधे कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. दोघांत फरक थोडाच : अर्गोस्टेरॉलमध्ये दोन दुहेरी बंध आणि एक मिथाइल गट जास्त. हॅमायसिनच्या कुळातली औषधे अर्गोस्टेरॉलला घट्ट धरतात. पटलाची घडी विस्कटते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि बुरशी मरते. पण कोलेस्टेरॉल इतके जवळचे असल्याने ही औषधे आपल्या पेशींनाही थोडी बाधतात. म्हणून हॅमायसिनचा वापर मुख्यतः तोंडातल्या किंवा त्वचेवरच्या संसर्गावर, वरून लावण्यापुरता राहिला.

याच कुळातले ॲम्फोटेरिसिन-बी २०२१ मध्ये घराघरांत ठाऊक झाले. कोविडनंतरच्या काळ्या बुरशीसाठी त्या इंजेक्शनची शोधाशोध झाली. ते मूत्रपिंडाला इजा करू शकते. म्हणून ते फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉलच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून दिले जाते. त्याला लायपोसोमल म्हणतात. मेदावर घाव घालणाऱ्या औषधाला मेदाच्याच आवरणातून न्यावे लागते.

तिसरा मार्ग आहे अर्गोस्टेरॉल बनवणारी विकरेच अडवण्याचा. गजकर्णावरच्या टर्बिनाफीनचे लक्ष्य स्क्वालीन इपॉक्सिडेज, फ्लुकोनॅझोलचे लक्ष्य त्याच वाटेवरचे पुढचे एक विकर. भारतात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही गजकर्णाची बुरशी पसरली आहे. तिच्यातल्या काही वाणांत स्क्वालीन इपॉक्सिडेजच्या साखळीत ३९७ व्या जागी फिनाइलॅलॅनिनऐवजी ल्युसिन असते. शेकडो अमिनो आम्लांतले हे एक बदलले की टर्बिनाफीन विकराला नीट बसत नाही आणि औषध निकामी ठरते.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत जाड गणवेश आणि सेफ्टी शूज घालून पाळी करणाऱ्यांना घामामुळे गजकर्ण सहज होते. मग मेडिकलमधून खाज थांबवणारी ट्यूब आणली जाते. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते खाज दाबते, पण शरीराचा प्रतिकारही दाबते आणि बुरशी पसरत राहते. कपडे रोज धुऊन पूर्ण वाळवा, टॉवेल वेगळा ठेवा आणि चट्टा दिसताच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांनी सांगितलेले औषध खाज थांबली तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या; मनाने आणलेली ट्यूब लावू नका.