मार्कंडेय नदीच्या काठाने

नदीकाठच्या भ्रमंतीसाठी बेळगावकरास दूर जाण्याचे कारण नाही. खानापूर तालुक्यातील बैलूरच्या डोंगरात उगम पावणारी मार्कंडेय नदी राकसकोपच्या जलाशयातून शहरास पिण्याचे पाणी पुरविते आणि पुढे कंग्राळी, काकतीच्या शिवारांतून संथपणे वाहते. येथील काठ बराचसा सपाट असल्याने मुले व वयस्क माणसेही सहज चालू शकतात.

तिचे दुसरे रूप गोकाक तालुक्यात दिसते. गोडचिनमलकी येथे ती कठीण खडकावरून दोन टप्प्यांत कोसळते. पहिली उडी सुमारे २५ मीटरांची आहे. पुढे ती घटप्रभेस मिळते.

फिरावयास भातकापणीनंतरचे, मार्गशीर्ष ते माघ हे दिवस उत्तम. पावसाळ्यात चिखल पाय धरून ठेवतो आणि पुराचे भय असते. ऑगस्ट २०१९ मध्ये नदीने काठची शेते बुडविली होती. हिवाळ्यात खंड्या, बगळे आणि उत्तरेकडून आलेला, शेपटी हालविणारा धोबी पक्षी दृष्टीस पडतो.

वाट बहुधा शेताच्या बांधावरून जाते. म्हणून उभ्या पिकात पाऊल घालू नये. काठावर टाकलेला कचरा पुराबरोबर खालच्या गावांना जातो. नदीने शहरास स्वच्छ पाणी द्यावे आणि शहराने तिच्या हाती केर द्यावा, ही परतफेड नव्हे.