गाणं आधी पूर्ण ऐका

१९ सप्टेंबर १९८५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे चक्क रॉक आणि पॉप गाण्यांची सुनावणी चालली होती. समितीचे अध्यक्ष जॉन डॅनफर्थ सिनेटर तर होतेच, शिवाय एपिस्कोपल चर्चचे दीक्षा घेतलेले धर्मगुरूही. तक्रार होती 'पीएमआरसी' या पालकांच्या गटाची. त्या गटातल्या टिपर गोर यांनी लेकीसाठी प्रिन्सचा 'पर्पल रेन' हा अल्बम आणला, त्यातलं एक गाणं ऐकून त्या हादरल्या आणि या मोहिमेत उतरल्या. गट स्वतःला धार्मिक म्हणवत नव्हता. पण आक्षेपार्ह गाण्यांचे नमुने समितीपुढे मांडायला त्यांनी आणलेले जेफ लिंग हे चर्चमध्ये तरुणांसाठी काम करणारे पाद्री होते.

त्या आईची काळजी खरी होती. अकरा वर्षांच्या मुलीच्या कानावर काय पडतं हे आईने नाही बघायचं तर कुणी? माझा प्रश्न पुढचा आहे. गाणं चांगलं की वाईट, हे ठरवायचं कसं?

त्या दिवशी 'ट्विस्टेड सिस्टर' या बँडचा गायक डी स्नायडर साक्षीला आला. लांब कुरळे केस मोकळे सोडलेले. मागच्या खिशातून त्याने घडी घातलेला कागद काढला आणि वाचायला लागला: मी तीस वर्षांचा आहे, लग्न झालेलं आहे, तीन वर्षांचा मुलगा आहे, ख्रिस्ती संस्कारांत वाढलो आणि आजही ते पाळतो. दारू, सिगारेट, ड्रग्ज यांतलं काही करत नाही. मग तो 'अंडर द ब्लेड' या आपल्या गाण्यावर आला. बांधलेले हात आणि चमकतं पातं ऐकून गोर यांनी त्यात लैंगिक अत्याचार पाहिला होता. प्रत्यक्षात बँडमधल्या गिटारवादकाच्या घशाची शस्त्रक्रिया व्हायची होती, आणि टेबलावर झोपलेल्या माणसाची भीती त्या गाण्यात होती. साक्षीला आलेल्या गायक जॉन डेन्व्हरनेही तेच सांगितलं. कोलोरॅडोच्या डोंगरांवरच्या आनंदाचं त्याचं 'रॉकी माउंटन हाय' नशेचं गाणं समजून काही रेडिओ केंद्रांनी लावायचं बंद केलं होतं. २००७ मध्ये कोलोरॅडोने तेच गाणं राज्यगीत म्हणून स्वीकारलं.

त्याच काळात काही ख्रिस्ती प्रचारक रेकॉर्डी उलट्या फिरवून त्यात सैतानाचे संदेश शोधत होते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळ समितीपुढे 'स्टेअरवे टू हेवन' हे रॉक गाणं उलटं वाजवलं गेलं. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाचे व्होकी आणि रीड हे मानसशास्त्रज्ञ या दाव्याच्या मुळाशी गेले. त्यांनी बायबलमधलं २३वं स्तोत्र उलटं ऐकवलं. काय ऐकायचं ते आधी सांगितलं, की लोकांना त्यातही वाक्यं सापडायची. न सांगता काही कळायचं नाही. संशय आधी आणि ऐकणं नंतर, असं झालं की स्तोत्रही सुटत नाही.

'फोकस ऑन द फॅमिली' या ख्रिस्ती संस्थेचं 'प्लग्ड इन' हे परीक्षणांचं प्रकाशन मला त्या मानाने प्रामाणिक वाटतं. रेकॉर्डी जाळायच्या नाहीत, बंदी मागायची नाही. अल्बम ऐकून त्यातलं चांगलं काय, आक्षेपार्ह काय हे वेगवेगळं लिहायचं आणि निर्णय आईवडिलांवर सोडायचा. कोणत्याही धर्मसमूहाला आपल्या माणसांसाठी एवढं करण्याचा हक्क आहे, असं मी मानतो. उणीव राहते ती शिव्या, दारू, शरीराचे उल्लेख वेचण्यात. गाण्यातला 'मी' म्हणजे गायक नव्हे, हे अशा यादीत हरवतं. आपल्याकडे तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या वाटेवर कृष्णाने केलेली अडवणूक तेवढी कापून कागदावर मांडली, तर गवळण काय आहे हे कुणाला कळेल? गवळणी तर संतांनीही लिहिल्या.

त्या सुनावणीनंतर दोनच महिन्यांत ध्वनिमुद्रण कंपन्यांनी इशाऱ्याचं लेबल मान्य केलं. १९९० पासून काळ्या-पांढऱ्या रंगातला ठरावीक शिक्का आला. पण शिक्का पाहून मूल गाणं टाळेलच असं नाही, आणि शिक्का नसला म्हणून पालकांचं काम संपत नाही.

म्हणून एक विनंती. मुलीच्या मोबाइलवरचं जे गाणं तुम्हाला खटकतं, ते तिच्या शेजारी बसून पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐका. ते कोण म्हणतंय आणि कुणाला, हे तिलाच विचारा. त्यानंतरही नको वाटलं तर जरूर नको म्हणा, आणि का नको तेही तिला सांगा.