चुलीपर्यंतची वाट

किनाऱ्यानं पायी हिंडायचं ठरलं की माणसं बूट, टोपी, पाण्याची बाटली यांची यादी करतात. जेवणाचं काय, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘कोकणात काय, मिळेल कुठंही!’ मीही याच भरवशावर एका हिवाळ्यात केळशीहून दाभोळकडे निघालो होतो. सोबत एक जुना मित्र, जन्माचा शाकाहारी. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे आणि मग दाभोळ, अशी ही दापोली तालुक्यातली वाट. पहिल्याच दुपारी दीड वाजता एका गावात पोचलो, तेव्हा पोटात कावळे कोकलत होते. रस्त्यावरच्या हॉटेलात लांबलचक मेन्यूकार्ड होतं. पनीरचे प्रकार, नूडल्स, मंचुरियन. मी विचारलं, ‘तांदळाची भाकरी मिळेल का?’ मालक म्हणाले, ‘आधी सांगायला पाहिजे होतं.’ समोर समुद्र, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि ताटात पनीर!

त्यांचं म्हणणं मात्र खरं होतं. कोकणातलं साधं जेवण माणसं मोजून रांधलं जातं. तांदळाचं पीठ उकड काढून मळायचं, भाकरी गरमच खायची. नारळ खवून, वाटून त्याचं दूध काढायचं, ते फार वेळ टिकत नाही. येईल त्या गिऱ्हाईकासाठी हे सगळं तयार ठेवणं घरगुती खानावळीला परवडत नाही. पनीर आणि नूडल्स मात्र थंड पेटीत आठवडाभर वाट बघत बसतात. म्हणून पहिला नियम असा, की दुपारच्या जेवणाची वर्दी सकाळी नऊच्या आत आणि रात्रीची दुपारीच द्यावी. पुढच्या गावात कोण जेवण करून देतं, हे आदल्या गावच्या यजमानीणबाईंना हमखास ठाऊक असतं. त्यांची कुणी ना कुणी नात्यातली, ओळखीतली तिथं असतेच.

दुसरा नियम म्हणजे, ‘काय काय मिळेल?’ असं विचारू नये. त्यावर समोरचा माणूस शहरी पाहुण्याला आवडेल ते सांगू लागतो. ‘आज तुमच्या घरी काय आहे?’ असं विचारावं. मग खरी यादी बाहेर येते. कुळथाची पिठी, वालाची उसळ, मऊ भात आणि मेतकूट, घावन, आमसुलाचं सार, सोलकढी. हे पदार्थ मुळात चवीच्या हौसेतून आलेले नाहीत. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावरच कुळीथ आणि वाल येतात. त्यांना वेगळं पाणी लागत नाही, म्हणून ते गरिबाच्याही घरी असतात. चिंचेचं काम कोकम करतं. उन्हाळ्यात फळं पिकली की सालं रसात भिजवून पुनःपुन्हा वाळवायची, की वर्षभराचं आमसूल झालं. दिवसभर उन्हात चालून आलेल्याला त्याच्या खारट-आंबट साराची किंमत पहिल्या घोटातच कळते.

मासे खाणाऱ्यांनी पंचांग आणि समुद्र, दोन्हींकडे लक्ष ठेवावं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात ताटात मोठी ताजी सुरमई आली, तर ती कुठल्या बर्फातून आली हे विचारावं. पावसाळ्याचं खरं जेवण म्हणजे सुकट, सोडे आणि सुके बोंबील. एरवी हर्णैच्या बंदरावर होड्या लागल्या की वाळूतच लिलाव चालतो. ढीगभर मासळी आपल्याला नको असते. शेजारी पाटी घेऊन बसलेल्या बायकांकडून वाट्यानं घ्यावी. स्वस्त, लहान मासळी मागितली तर बहुधा ती सर्वांत ताजी निघते.

आता थोडं नावाविषयी. आंजर्ल्याच्या एका घरी जेवणासाठी फोन केला. माझं नाव सांगितलं आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. अशा शांततेची मला सवय आहे, मी मनाची तयारी केली. मग काकूंचा संकोचलेला आवाज आला, ‘आमच्याकडे मासे-मटण नाही हो होत. तुमची उपासमार नाही ना व्हायची?’ मी इतका मोठ्यानं हसलो, की मित्र दचकला. त्या रात्री पिठी-भाताच्या तीन वाढण्या झाल्या. निघताना काकू म्हणाल्या, ‘मे महिन्यात या, फणसाचं सांदण करीन.’

पुढं दोन दिवसांनी एका मुसलमान वस्तीत मुक्काम पडला. मी घाटावरचा, माझ्या घरात दखनी उर्दू. या घरात मात्र आजीपासून नातवापर्यंत सगळे कोकणी बोलत होते, आणि ती मला माझ्या मित्राइतकीच कळत होती, म्हणजे पाऊणच! न्याहारीला आजींनी पांढरी, जाळीदार, वाफवलेली वडी पुढं ठेवली. विचारलं तर म्हणाल्या, ‘सांदण.’ काकूंचं सांदण तांदळाच्या रव्याचं, फणसाच्या रसातलं. आजींचं तांदूळ वाटून, पीठ आंबवून केलेलं. नाव एक, तांदूळ एक, वाफही तीच. मित्रासाठी त्यांनी कोरं पातेलं काढून नारळाच्या दुधातली बटाट्याची भाजी वेगळी केली होती. त्यांनी ते सांगितलंही नाही; चुलीशेजारी पातेल्यावरची किमतीची चिकटी दिसली म्हणून कळलं.

तेव्हा तिसरा नियम. आपण काय खात नाही, हे आधीच आणि न लाजता सांगावं. यजमानीण त्यानं दुखावत नाही, उलट तिची काळजी मिटते. आणि जेवणाचे पैसे सांगतील तेवढे द्यावेत, घासाघीस करू नये. या पैशांवर घरच्या बाईचा हक्क असतो, आणि भाकरीला गिऱ्हाईक राहिलं तरच तिची सून ती थापायला शिकेल. आपण पनीर मागत राहिलो, तर उद्या त्या घरीही मेन्यूकार्ड येईल.

त्या सकाळी निघताना आजींनी फडक्यात उरलेली सांदणं बांधून दिली. कोळथऱ्याच्या पुळणीवर ती सोडून बसलो, तर मित्रानं माझ्या वाट्याचं एक आधीच उचललं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)