शिकणाऱ्यांच्या हातचा चहा

जपानी चहाविधीत वाडग्याआधी रुमालाकडे लक्ष जातं. फुकुसा हा रेशमी चौकोनी रुमाल कमरेला खोवलेला असतो. तो काढायचा, ठरलेल्या घडीत दुमडायचा आणि आधीच लख्ख असलेली चहाची डबी पाहुण्यांदेखत पुसायची. क्योतोत आम्हा परदेशी विद्यार्थ्यांसमोर हे करत होती विद्यापीठाच्या चहा-मंडळातली दुसऱ्या वर्षाची मुलगी. घडी जराशी तिरपी पडली. मागे बसलेली वरच्या वर्षातली मुलगी हळूच काही बोलली, तशी तिने रुमाल उलगडून पहिल्यापासून सुरुवात केली.

या विधीत माच्चा, म्हणजे चहाची पूड, वापरतात. तिच्या झुडपांवर खुडणीआधी काही आठवडे सावली धरतात. मग पानं वाफवून, वाळवून, शिरा काढून जात्यावर दळतात. ती हिरवीगार पूड जेमतेम २ ग्रॅम, त्यावर सुमारे ७० मिलिलिटर गरम पाणी. घुसळायला चासेन. बांबूचा एकच तुकडा चिरत चिरत त्याच्या डझनावारी बारीक काड्या केलेल्या असतात. नारा प्रांतातलं ताकायामा गाव या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. चासेन आपल्या रवीसारखी गोल फिरवत नाहीत. मनगट सैल ठेवून झपाझप पुढे-मागे नेतात. वर दाट, बारीक फेस आला की हात मंदावतो.

माझ्या शेजारी वज्रासनात बसलेला मंडळातला मुलगा सगळं कुजबुजत सांगत होता: गोड आधी संपवा, चहा कडू आहे, वाडग्याची दर्शनी बाजू तुमच्याकडे ठेवली आहे, तिला ओठ लागू नयेत म्हणून वाडगा थोडा फिरवा. स्वच्छ डबी पुसायची कशाला, असं मी नंतर रुमाल दुमडणाऱ्या त्या मुलीला विचारलं. पहिल्या वर्षी तिलाही हाच प्रश्न पडला होता म्हणे; आता पुसता पुसता श्वास संथ होतो, एवढं तिला जाणवतं.

चहागुरू सेन नो रिक्यूने (१५२२–१५९१) घडवलेली ही साधी चहापद्धती आजही अशीच, चुकत आणि दुरुस्त होत, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पर्यटकांसाठीच्या सफाईदार प्रयोगात ही दुरुस्ती दिसत नाही. माझ्या मते पाहण्यासारखं तेच आहे.

जपानला शिकायला जाणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात आपल्या विद्यापीठातल्या चहा-मंडळाची चौकशी करावी. जाताना धुतलेले पांढरे मोजे न्यावेत, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावं. त्यांनी वाडग्यावर ओरखडे पडतात.